अंधुक ताऱ्याची खतावणी : प्रकाशकण मोजण्याचा इतिहास

साल १८६३. लंडनच्या दक्षिणेस टल्स हिल येथे विल्यम हगिन्स यांनी राहत्या घराला लागून खाजगी वेधशाळा उभारली होती. कापडाचा वडिलोपार्जित व्यवसाय विकून हे गृहस्थ आकाशाच्या नादी लागले होते. शेजारी राहणारे विल्यम मिलर किंग्ज कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. किरख़ॉफ आणि बुन्सेन यांनी चारच वर्षांपूर्वी वर्णपटातील काळ्या रेषांचा अर्थ उलगडला होता. प्रत्येक मूलद्रव्य आपली ठरावीक रेषा उमटवते, म्हणजे ताऱ्याच्या उजेडाची फोड केली की तारा कशाचा बनला आहे ते घरबसल्या कळते. हगिन्स आणि मिलर यांनी ८ इंची भिंगाच्या दुर्बिणीला वर्णपटदर्शक जोडला, त्यामागे ओल्या कलोडियनची काच बसवली आणि व्याधावर नेम धरला. काच धुतल्यावर तीवर काळसर पट्टा दिसला. वर्णपट उमटला होता, परंतु त्यात एकही रेषा नव्हती.

रात्रीच्या आकाशातील सर्वांत तेजस्वी ताऱ्याची ही कथा. मग अंधुक ताऱ्याचे काय?

आजचा धागा या प्रश्नाविषयी आहे. आजचा खगोलशास्त्रज्ञ संध्याकाळी कागदावर चार ओळींचे गणित मांडतो आणि सांगतो, की अमुक ताऱ्याकडे अर्धा तास दुर्बीण रोखली तर डिटेक्टरच्या प्रत्येक चौकटीत सुमारे इतकी मोजणी मिळेल. रात्री प्रत्यक्षात तेवढीच मिळते, थोडे इकडेतिकडे. हगिन्स यांना असे काहीच सांगता येत नव्हते. त्यांना रात्र पणाला लावून पाहावे लागे. नुसत्या पणापासून हिशेबापर्यंतच्या या वाटचालीस शंभराहून अधिक वर्षे लागली, आणि तिच्या कडेला मद्रास व पुणे ही दोन गावेही लागतात.

प्रथम वर्णपट इतका महाग का पडतो ते पाहू. साध्या छायाचित्रात ताऱ्याचा सगळा उजेड एका ठिपक्यात गोळा होतो. वर्णपटात तोच उजेड तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत शेकडो-हजारो चौकटींवर पसरावा लागतो. एका ताटाचा भात हजार पानांवर वाढायचा, तर प्रत्येक पानावर शितेच मोजावी लागणार. शिवाय ताऱ्याची प्रतिमा आधी एका अरुंद फटीतून न्यावी लागते, आणि तिथेही काही उजेड फटीबाहेर सांडतो.

शिते मोजायची तर आधी भात किती आहे ते ठाऊक हवे. ताऱ्यांच्या ‘प्रती’ लावण्याची पद्धत फार जुनी आहे. टॉलेमीच्या ग्रंथात तारे सहा प्रतींत विभागलेले आढळतात. सर्वांत तेजस्वी ते पहिल्या प्रतीचे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे ते सहाव्या. पण ही वर्गवारी डोळ्याच्या अंदाजाची होती. दुसऱ्या प्रतीचा तारा पहिलीपेक्षा नेमका किती मंद, हे कोणी ठरवलेले नव्हते.

ते १८५६ मध्ये नॉर्मन पॉग्सन यांनी ठरवले. ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ वेधशाळेत ते साहाय्यक होते, आणि त्यांच्यापुढचे काम अगदी व्यावहारिक होते. १८५७ सालच्या प्रत्येक महिन्याच्या पहिल्या तारखेस ३६ लघुग्रह किती तेजस्वी दिसतील, याचा तक्ता त्यांना करायचा होता. लघुग्रह जवळ-दूर होतो तसे त्याचे तेज बदलते. ते आधीच सांगायचे, तर प्रत आणि तेज यांना जोडणारा पक्का नियम हवा. पहिल्या आणि सहाव्या प्रतीत सुमारे शंभर पटींचे अंतर आहे, असे इतर निरीक्षकांच्याही ध्यानात आले होते. पॉग्सन यांनी सुचवले की दर पायरीस २.५१२ पट हे गुणोत्तर धरावे. पाच पायऱ्या म्हणजे बरोबर शंभर पट, आणि २.५१२ चा लॉगॅरिदम ०.४ येत असल्याने आकडेमोडही सोपी. ताऱ्यांच्या तेजाचे जगमान्य माप असे भविष्य वर्तवण्याच्या गरजेतून जन्मले, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. जो हिशेब आपण पुढे मांडणार आहोत, त्याचे मूळ या तक्त्यात आहे.

हेच पॉग्सन १८६१ च्या प्रारंभी सरकारी खगोलशास्त्रज्ञ म्हणून मद्रासला आले आणि १८९१ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिले. आल्या वर्षीच, १७ एप्रिल रोजी, त्यांनी मद्रासहून एक लघुग्रह शोधला. आशिया खंडातून शोधला गेलेला तो पहिला लघुग्रह, म्हणून त्याचे नाव ‘एशिया’ ठेवले गेले.

इकडे काचेवरची लढाई चालूच होती. ओली काच वाळण्यापूर्वी काही मिनिटांत उजेड टिपावा लागे, म्हणजे अंधुक ताऱ्याला संधीच नाही. १८७२ मध्ये अमेरिकेत हेन्री ड्रेपर यांनी २८ इंची परावर्ती दुर्बिणीने अभिजितच्या वर्णपटात चार रेषा छायाचित्रित केल्या. कोणत्याही ताऱ्याच्या रेषा काचेवर उमटण्याची ही पहिली वेळ. पुढे जिलेटिनची कोरडी काच आली आणि चित्र पालटले. ती तासन्‌तास उघडी ठेवता येई. हगिन्स आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनी १८७६ पासून तिचा पाठपुरावा केला.

याच सुमारास आपल्याकडे पुण्यात एक धडपड सुरू झाली होती. कॉलेज ऑफ सायन्समधील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून आणि मुंबई सरकारच्या साहाय्यातून महाविद्यालयाच्या आवारात वेधशाळा उभी केली. १८८८ पासून ती काम करू लागली. तिथली ग्रब यांनी घडवलेली परावर्ती दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानातील सर्वांत मोठ्या दुर्बिणींत गणली जाई. नायगमवाला यांनी तिला वर्णपटदर्शक जोडून मृग नक्षत्रातील तेजोमेघ तपासला. त्या वेळी इंग्लंडात वाद पेटलेला होता. तेजोमेघांच्या वर्णपटातील मुख्य हिरवी रेषा मॅग्नेशियमची आहे असे नॉर्मन लॉकियर म्हणत, तर हगिन्स ते अमान्य करीत. लॉकियर यांचे खरे असेल, तर रेषेची एक कड पुसट दिसायला हवी होती. पुण्याहून नायगमवाला यांनी कळवले की रेषा दोन्ही कडांनी रेखीव आहे. ही निरीक्षणे १८९१ मध्ये लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात छापली गेली. ते निवृत्त झाल्यावर १९१२ मध्ये वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुण्याच्या विज्ञानेतिहासात या माणसाला जेवढी जागा मिळायला हवी तेवढी मिळत नाही, असे माझे मत आहे.

आता काचेचा एक दोष समजून घेऊ, कारण पुढचा सगळा इतिहास त्यावर अवलंबून आहे. काचेवर पडलेल्या शंभर प्रकाशकणांतील एखादाच काही खूण सोडतो, हे एक. दुसरे त्याहून वाईट. १८९९ मध्ये कार्ल श्वार्ट्सशिल्ट यांनी मोजून दाखवले की मंद उजेडात काच आळसावते. उजेड निम्मा केला आणि वेळ दुप्पट केला तरी काळेपणा तेवढाच येत नाही, कमी येतो. म्हणजे त्रैराशिक मांडताच येत नाही. वस्तू जितकी अंधुक, तितका अंदाज अधिक फसवा.

या फसव्या साधनाने काही माणसांनी जे केले ते थक्क करणारे आहे. ॲरिझोनातील फ्लॅगस्टाफ येथे व्हेस्टो स्लायफर देवयानी तेजोमेघाच्या मागे लागले. हा मेघ म्हणजे असंख्य दूरच्या ताऱ्यांचा मिसळलेला उजेड, हे तेव्हा सिद्ध व्हायचे होते. १७ सप्टेंबर १९१२ च्या रात्री त्यांनी ६ तास ५० मिनिटे काच उघडी ठेवली. समाधान झाले नाही. डिसेंबरच्या अखेरीस त्यांनी एकच काच २९, ३० आणि ३१ अशा तीन रात्री वापरली. दिवसा ती अंधारात झाकून ठेवायची, रात्री पुन्हा तोच मेघ त्याच फटीवर आणायचा. १९१२ साल संपले तेव्हा स्लायफर दुर्बिणीपाशीच होते. काचेने सांगितले की देवयानी सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर वेगाने आपल्याकडे येत आहे. तोवर एवढा वेग आकाशात कोणी मोजला नव्हता.

पुढे माउंट विल्सनवर मिल्टन ह्युमसन यांनी हीच तपश्चर्या आणखी ताणली. खेचरे हाकणारा आणि नंतर वेधशाळेत झाडलोट करणारा हा मनुष्य पुढे तिथला अव्वल निरीक्षक झाला. एनजीसी ७६१९ या दीर्घिकेसाठी त्यांनी १०० इंची दुर्बिणीवर दोन काचा घेतल्या, एक ३३ तासांची आणि दुसरी ४५ तासांची. मधल्या एखाद्या रात्री फटीवरून वस्तू घसरली असती किंवा काच धुताना बिघडली असती, तर आठवडाभराचे काम वाया. त्यातून निघालेला सेकंदाला ३,७७९ किलोमीटरचा वेग १९२९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि हबल यांच्या प्रसरणाच्या युक्तिवादास बळ देऊन गेला.

या काळात सिद्धान्ताच्या बाजूने वेगळेच घडत होते. १९०५ मध्ये आइनस्टाइन यांनी मांडले की प्रकाश कणाकणांनी शोषला जातो. म्हणजे ताऱ्याचा उजेड ही सलग धार नसून पत्र्यावर टपटपणारे थेंब आहेत. थेंब आहेत म्हटल्यावर ते मोजता येतील, आणि मोजता येतील तर त्यांना संभाव्यतेचा नियमही लागेल. तो नियम आधीच तयार होता. सिमेओं पॉइसन यांनी १८३७ मध्ये न्यायालयांच्या निवाड्यांवर लिहिलेल्या ग्रंथात तो येतो. त्याला प्रसिद्धी मिळाली ती १८९८ मध्ये, लाडिस्लाउस बोर्टकीविच यांनी प्रशियाच्या सैन्यात घोड्याची लाथ लागून मेलेल्या सैनिकांचे आकडे त्यात बसवून दाखवले तेव्हा. नियमाचा गाभा एवढाच, की एकमेकांशी संबंध नसलेल्या घटना सरासरी १०० वेळा घडत असतील, तर प्रत्यक्ष आकडा साधारण १० ने खाली-वर होणार. ९०० असतील तर ३० ने. म्हणजे जितके कण, त्यांच्या वर्गमुळाइतकी डळमळ. ही निसर्गाचीच डळमळ आहे, उत्तम यंत्र आणले तरी ती जात नाही. ताऱ्याचा संकेत आणि ही डळमळ यांचे गुणोत्तर हीच वर्णपटाची खरी किंमत.

कण मोजणारे यंत्र मात्र हळूहळू आले. जोएल स्टेबिन्स यांनी सेलेनियमचा तुकडा आणि मग प्रकाशविद्युत घट वापरून ताऱ्यांचे तेज विजेत मोजले. या साधनांचे वैशिष्ट्य असे की ती त्रैराशिक पाळतात. दुप्पट उजेड, दुप्पट वीज. पण ती एका वेळी एकच आकडा देत, तर वर्णपटाला हजार आकडे लागतात.

हिशेबाचा दुसरा दुवाही जुळायचा होता. पॉग्सन यांची मोजपट्टी एक तारा दुसऱ्यापेक्षा किती पट मंद ते सांगते. पण मुळात पहिल्या ताऱ्याकडून किती कण येतात, हे कोणी सांगायचे? त्यासाठी १९७० च्या सुमारास काही संशोधकांनी अभिजितची तुलना प्रयोगशाळेत पारखलेल्या प्रकाशस्रोतांशी केली. त्यांतील पालोमार वेधशाळेतील जे. बी. ओक आणि रुडॉल्फ शिल्ड यांचे मापन विशेष गाजले. पृथ्वीवरचा ज्ञात तापमानाचा दिवा आणि आकाशातला तारा एकाच दुर्बिणीच्या तराजूत तोलण्याचे हे काम कमालीचे कटकटीचे होते. त्यातून निघालेला आकडा मात्र लक्षात ठेवायला अतिशय सोपा आहे. शून्य प्रतीच्या ताऱ्याकडून, हिरव्या-पिवळ्या रंगात, वातावरणाच्या माथ्यावर, दर चौरस सेंटिमीटरला, दर सेकंदाला, दर अँगस्ट्रॉममागे सुमारे १,००० प्रकाशकण येतात. (अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग.) इतका गोल आकडा निव्वळ योगायोगाने मिळाला, हे खगोलशास्त्रज्ञांचे नशीब.

१९७३ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील अलेक बोक्सेनबर्ग आपले यंत्र घेऊन पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीवर आले. उजेड वाढवणारी नळी, तिच्यापुढे दूरचित्रवाणीचा कॅमेरा आणि मागे संगणक. प्रत्येक प्रकाशकण कुठे आदळला ते ठरवून संगणक त्या खान्यात एक मिळवी. वर्णपट पडद्यावर डोळ्यांदेखत वाढताना दिसे. स्लायफर यांना काच धुईपर्यंत काहीच कळत नसे, इथे पुरेसे कण जमले की निरीक्षक थांबू शकत होता. त्याआधीच, १९६९ मध्ये, बेल प्रयोगशाळेत बॉइल आणि स्मिथ यांनी सीसीडीची कल्पना मांडली होती. १९७६ मध्ये ॲरिझोनातील एका दुर्बिणीवर तिने युरेनसचे चित्र टिपले, आणि काही वर्षांत काच इतिहासजमा झाली. चांगली सीसीडी शंभरातले ८०-९० कण पकडते आणि त्रैराशिकही पाळते.

आता चला, खतावणी मांडू. जुन्नरजवळ गिरवली येथे पुण्याच्या आयुका संस्थेची २ मीटर व्यासाची दुर्बीण २००६ पासून आहे, आणि तिच्यावरील मुख्य उपकरण अंधुक वस्तूंचे वर्णपट घेण्यासाठीच बांधलेले आहे. आपण त्याच आकाराची एक दुर्बीण कल्पू. पुढचे घटीचे आकडे मी उदाहरणासाठी धरले आहेत, गिरवलीचे म्हणून नव्हे.

तारा १८ व्या प्रतीचा. डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या ताऱ्याहून सुमारे ६३,००० पट मंद, आणि शून्य प्रतीहून सुमारे १ कोटी ५८ लाख पट. म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर, एका अँगस्ट्रॉममध्ये, एक कण पडायला ४ तासांहून अधिक काळ लागेल. आरशाचे क्षेत्रफळ, मधल्या छोट्या आरशाची सावली वजा जाता, ३०,००० चौरस सेंटिमीटर धरू. तिथे दर सेकंदाला १.९ कण पोचतात.

आता घट. १०० कणांतले वातावरणातून ८५ उतरले. दोन आरशांवरून परावर्तित होऊन ६१ राहिले. फटीतून ३७ आत शिरले. वर्णपटलेखकाची भिंगे आणि ग्रेटिंग ओलांडून १३ उरले. सीसीडीने त्यांतले १० पकडले. शेकडो वा हजारो वर्षे प्रवास करून आलेल्या उजेडापैकी नव्वद टक्के शेवटच्या सेकंदाच्या लहानशा अंशात गळतो.

म्हणून १.९ चे ०.१९ झाले. एका पिक्सेलच्या वाट्याला ३ अँगस्ट्रॉम धरले तर सेकंदाला ०.५७. अर्ध्या तासात सुमारे १,०२० इलेक्ट्रॉन. संगणकावर दिसणारा आकडा मात्र हा नसतो. दीड इलेक्ट्रॉनला एक मोजणी असे यंत्राचे प्रमाण असेल, तर ताऱ्याच्या नावे ६८० लिहिले जातील, त्याशिवाय यंत्राने सुरुवातीलाच घातलेली एक ठरावीक रक्कम असते, ती वजा करावी लागते. नवशिके इथे हमखास गोंधळतात. वर्गमूळ काढायचे ते इलेक्ट्रॉनचे, मोजणीचे नव्हे.

१,०२० चे वर्गमूळ ३२. ताऱ्याखेरीज दुसरे काही नसते तर संकेत डळमळीच्या ३२ पट भरला असता. पण आकाश कधीच निखळ काळे नसते. फटीतून ताऱ्यासोबत आकाशाचा ४.५ चौरस विकलांचा तुकडाही आत येतो. आकाश दर चौरस विकलेला २१ व्या प्रतीचे धरले तर त्याचे सुमारे ४८० इलेक्ट्रॉन. ते सरासरीने वजा करता येतात, त्यांची डळमळ मात्र मागे राहते. सीसीडी वाचताना दर पिक्सेलला ५ इलेक्ट्रॉनची चूक, आणि वर्णपटाची जाडी १० पिक्सेल, म्हणून ५ च्या वर्गाची १० पट, २५० आणखी. बेरीज १,७५०, वर्गमूळ ४२. गुणोत्तर २४ वर आले. ठळक रेषा ओळखायला हे पुरते.

आता तारा फक्त दोन प्रती मंद घ्या, २० वी प्रत. इलेक्ट्रॉन १६० च्या आसपास, पण आकाश आणि यंत्र तेवढेच. डळमळ ३०, गुणोत्तर ५ च्या थोडे वर. पुन्हा २४ गाठायचे तर वेळ किती? तारा ६.३ पट मंद आहे, म्हणून वेळ ६.३ पट, असे कोणी म्हणेल. उत्तर येते सुमारे २० पट. अर्ध्या तासाचे १० तास, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांत. उन्हाळ्यातल्या एका रात्रीत तेवढा अंधार नसतो. दुर्बिणीचा वेळ मागणाऱ्या अर्जात हे गणित जोडावे लागते ते यासाठीच. ते जुळले नाही तर रात्र दुसऱ्याला मिळते.

रात्र मिळाली, तर निरीक्षक आपल्या अंधुक ताऱ्याच्या जोडीने ज्याचे तेज पक्के ठाऊक आहे असा एखादा प्रमाण तारा घेतो आणि त्याच्या मोजणीशी आपला अंदाज ताडून पाहतो. आकडा निम्मा आला तर काहीतरी गळते आहे. पातळ ढग असेल, आरशावर धूळ असेल, किंवा तारा फटीच्या मध्यावर नसेल. मग तो तारा फटीवर पुन्हा बसवतो, एक छोटे एक्स्पोजर घेतो आणि आकडा पाहतो.